पलंगाचा कोपरा

बायबलातल्या आमोसचा धंदा उंबराची फळं टोचण्याचा. त्याच्याकडे मेंढरंही होती, पण मला अप्रूप वाटतं ते या फळं टोचण्याचं. बेथलेहेमच्या दक्षिणेला, वाळवंटाच्या काठावर तकोवा नावाचं एक उंचावरचं गाव होतं, तिथला हा माणूस. त्या उंचीवर हे झाड वाढत नाही, त्याला सखल आणि उबदार जमीन लागते. म्हणजे हंगाम आला की आमोस डोंगर उतरून खाली जात असणार, झाडावर चढत असणार आणि एकेका हिरव्या फळाला पात्याने हलकीशी चीर देत असणार. चीर दिली की चार दिवसांत फळ फुगतं, गोड होतं. नाही दिली तर ते फांदीवर आपल्याच सुखात निबर होत बसतं. मराठी बायबलात हे झाड उंबर म्हणून येतं, आणि वनस्पतिशास्त्राची त्याला हरकत नसावी, कारण दोघं एकाच कुळातले चुलत भाऊ आहेत. खोडाला आणि जाड फांद्यांना तशीच फळं लगडतात. आपल्याकडच्या उंबराखाली दत्तगुरू बसतात, त्यामुळे पातं घेऊन झाडावर चढायचं कोणाच्या मनात येत नाही एवढाच फरक.

एके दिवशी हा माणूस झाडावरून उतरला आणि उत्तरेकडे चालू लागला. हे ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातलं. नेमकं कधी, तर भूकंपाच्या आधी दोन वर्षं, असं त्याच्या पुस्तकाच्या पहिल्याच ओळीत नोंदवलेलं आहे. आपली आजी जशी प्लेगच्या सालाचा आणि पानशेतच्या पुराचा हिशेब धरून घरातल्यांचे जन्म सांगायची, तशी ही तारीख. उत्तरेकडच्या इस्राएल राज्यावर तेव्हा दुसऱ्या यराबामची सत्ता होती. चाळीसेक वर्षांची लांबलचक, स्वस्थ कारकीर्द. सीमा वाढल्या होत्या, व्यापार जोरात होता, श्रीमंतांना थंडीसाठी एक घर आणि उन्हाळ्यासाठी दुसरं घर बांधणं परवडू लागलं होतं. आपले दिवस बरे चालले आहेत असं सगळ्यांना वाटत असताना बाहेरगावचा एक मेंढपाळ येऊन देवाच्या नावाने टोचू लागतो, यापेक्षा गैरसोयीची गोष्ट राजधानीच्या आयुष्यात क्वचितच घडते.

त्याचं टोचणं मात्र मोघम नव्हतं. नुसतं ऐषाराम वाईट म्हणून तो थांबला असता, तर लोकांनी माना डोलावल्या असत्या आणि पुढचा घास घेतला असता. आमोसने यादीच केली. हस्तिदंत जडवलेले पलंग. त्यांवर ऐसपैस पसरलेली माणसं. कळपातली निवडक कोकरं, गोठ्यात बांधून पुष्ट केलेली वासरं. जेवणानंतर वीणा छेडत जुळवलेली कसलीतरी गाणी, आणि आपण साक्षात दावीद राजाच्या घराण्यातले गवई आहोत हा गाणाऱ्याचा समज. द्राक्षारस प्यायला पेले पुरेनात म्हणून घेतलेली मोठी पात्रं. अंगाला लावायला तेल, तेही सगळ्यांत उंची. या यादीतल्या गवयांचा मला थोडा कळवळा येतो. पोटभर जेवण झाल्यावर आपल्यालाही गाता येतं असं वाटण्याची ही मानवी दुर्बलता पावणेतीन हजार वर्षं जुनी आहे आणि तिच्यावर अजून उतारा सापडलेला नाही. पण यादी वाचताना दुसराच प्रश्न मनात रेंगाळतो. मेंढ्यांमागे हिंडणाऱ्या या माणसाला पलंगाचं जडावकाम इतकं बारकाईने दिसलं कुठे? लोकर विकायला तो एखाद्या वाड्याच्या मागच्या दाराशी गेला असेल का? पैसे मिळेपर्यंत उभं राहावं लागलं असेल, आणि अर्धवट उघड्या दारातून पलंगाचा एक पाय दिसला असेल? ऐषारामाचं खरं वर्णन पलंगावरच्या माणसाला करता येत नाही. त्याच्या पाठीखाली फक्त मऊ असतं. नक्षी दिसते ती दाराशी उभ्या असलेल्याला.

आमोस अतिशयोक्ती करत होता असं म्हणायलाही आता सोय उरलेली नाही. शोमरोन ही ती राजधानी. तिथल्या टेकडीवर 1908 ते 1910 या काळात हार्वर्ड विद्यापीठाने उत्खनन केलं. राजवाड्याच्या परिसरात त्यांना खापरांचे शंभरावर लिहिलेले तुकडे सापडले. काय लिहिलं होतं त्यांवर? स्तोत्र नाही, पराक्रम नाही, एखादं प्रेमपत्रही नाही. अमक्या वर्षी, अमक्या गावाहून, अमक्याच्या नावे, जुन्या द्राक्षारसाची एक घागर. अमक्या वर्षी, तमक्या गावाहून, शुद्ध केलेल्या तेलाची एक घागर. आमोसच्या काळाच्या आसपासच्या या पावत्या. द्राक्षारस कधीच पिऊन झाला, तेल लावलेली त्वचा मातीत मिसळली, आणि पावत्या तेवढ्या राहिल्या. तो मुलूख उत्खननाच्या वेळी तुर्की सुलतानाच्या ताब्यात होता, त्यामुळे आज त्या इस्तंबूलच्या संग्रहालयात आहेत. मेजवानी देणाऱ्याला आपली कीर्ती कशाने उरेल असं कोणी विचारलं असतं, तर त्याने निदान वाण्याच्या नोंदीचं नाव घेतलं नसतं.

पुढे 1930च्या दशकात जॉन क्रोफुट यांच्या मोहिमेला त्याच टेकडीवर हस्तिदंत मिळालं. एखाद-दुसरा दागिना नव्हे, शेकडो तुकडे. कमळं, ताडाची पानं, पंख असलेले माणूसमुखी सिंह, बैलावर झेप घेतलेला सिंह. काहींवर सोन्याच्या वर्खाचे आणि रंगीत काचेचे अवशेष होते. लाकूड कुजून गेलं होतं. पलंग म्हणावा असा पलंग एकही नाही, फक्त त्यावर जडवलेल्या पट्ट्यांचे कपचे. आणि इथे आमोसचंच एक बोलणं आठवून अंगावर शहारा येतो. मेंढपाळाच्या धंद्यातला एक कायदा होता. सिंहाने मेंढरू पळवलं तर उरलंसुरलं काहीतरी मालकाला आणून दाखवायचं, मग भरपाई द्यावी लागत नसे. दोन तंगड्या असोत नाहीतर कानाचा तुकडा, पुरावा हवा. आमोस म्हणाला होता की मेंढपाळ सिंहाच्या तोंडातून असा कानाचा तुकडा सोडवून आणतो ना, तेवढेच शोमरोनचे लोक वाचतील, पलंगाच्या एका कोपऱ्यासकट. पुराणवस्तू खणणारे लोक सहसा कवितेच्या भानगडीत पडत नाहीत. पण क्रोफुट यांच्या माणसांनी कुंचल्याने माती झटकून जे वर काढलं, तो जणू पलंगाचा कोपराच होता. त्यांनी मेंढपाळाचंच काम केलं, मालकाला कान आणून दाखवला.

त्या सिंहाचं नाव अश्शूर. ख्रिस्तपूर्व 722च्या सुमारास शोमरोन पडलं, आणि अश्शूरच्या सार्गोन राजाने 27,290 माणसं तिथून नेल्याचं आपल्या लेखात कोरून ठेवलं. तेलाच्या घागरींसारखीच माणसंही मोजून लिहिली गेली, शेवटच्या दहापर्यंत. आमोसने आधीच एक कडवट विनोद करून ठेवला होता, की जे सगळ्या गोष्टींत पुढे असतात त्यांना कैदी म्हणून जातानाही पुढचीच जागा मिळेल. वीसेक वर्षांनी, 701मध्ये, अश्शूरच्याच सन्हेरीबने दक्षिणेकडच्या यहूदाच्या हिज्किया राजाकडून खंडणी वसूल केली. मातीच्या षट्कोनी खांबावर लिहिलेली तिची यादी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. सोनं, चांदी यांच्याबरोबर तिच्यात हस्तिदंती पलंग आणि हस्तिदंती आसनंही आहेत. त्या पलंगांवर पुढे अश्शूरच्या राजधानीत, निनवेत, कोणाला झोप लागली, ठाऊक नाही. निनवेही शंभर वर्षांच्या आतच पडलं. पलंग हा मोठा अलिप्त प्राणी आहे. कोणाची पाठ टेकली आहे याची तो कधी चौकशी करत नाही.

मला नेहमी वाटतं, पलंगावर निजणाऱ्यांना आमोसने एवढं बोलायला नको होतं. अंग टेकायला मऊ जागा हवीशी वाटणं यात पाप ते काय? पण त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं की कळतं, पलंगाबद्दल त्याची तक्रारच नाही. एवढी लांब यादी तो एका छोट्या वाक्याकडे नेतो. हे सगळं चालू आहे आणि देश आतून मोडतो आहे त्याची यांना साधी व्यथाही होत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. कोकरू खाल्लं हा गुन्हा नाही, ते खाताना घशाखाली सहज उतरलं हा गुन्हा. यहेज्केल नावाचा दुसरा संदेष्टा तर सदोम या शहराविषयी भलतंच सांगतो. सदोमचं नाव घेतलं की लोकांचे कान लाल होतात, आणि पापाच्या इतिहासातलं सगळं मसालेदार तिथेच घडलं अशी समजूत असते. यहेज्केलच्या आरोपपत्रात मात्र गर्व आहे, पोटभर अन्न आहे, निवांतपणा आहे, आणि हे सगळं असून गरिबाला हात दिला नाही हे आहे. एवढ्यावर शहर जळतं म्हटल्यावर वाचक जरा निराश होतो. आपण काहीतरी भयंकर वाचायला बसलो होतो, आणि निघालं रविवारी दुपारचं वर्णन.

सुखाला कान नसतात हे मला कळलं ते लहानपणीच्या पिंजाऱ्याकडून. पाऊस सरला की आमच्या आळीत तो यायचा. खांद्यावर भलंमोठं धनुष्य, हातात लाकडी ठोकळा. तात ताणून तो ठोकळा मारायचा आणि त्या एकाच सुराने सगळी दुपार भरून जायची. वर्षभर आमच्या पाठींखाली दबून दगड झालेला कापूस मोकळा होऊन हवेत उडायचा, त्याच्या भुवयांवर, मिशांवर, पापण्यांवर बसायचा, आणि तो एका दुपारीत म्हातारा दिसू लागायचा. संध्याकाळी गादी नुकत्याच तळलेल्या पुरीसारखी टम्म फुगलेली असायची, आणि आम्ही भावंडं तिच्यावर उड्या मारून तिला परत चपटी करायच्या कामाला लागायचो. दुपारी तो ओसरीवर भाकरी खायचा आणि कडुलिंबाखाली जमिनीवरच आडवा व्हायचा, उशाला एक वीट आणि विटेवर घडी केलेला पंचा. सगळ्या आळीची झोप मऊ करणारा तो माणूस रात्री कशावर निजतो, हा प्रश्न आमच्या घरात कोणाला पडल्याचं आठवत नाही. आम्ही काही वाईट माणसं नव्हतो. त्याला ताक देत होतो, पैसे वेळेवर चुकते करत होतो. त्याचं नाव मात्र आम्हाला ठाऊक नव्हतं. आला की आई म्हणायची, पिंजारी आला. तेवढ्याने काम भागायचं.

शोमरोनकडे परत जाऊ. आमोसने तिथे कोणालाच सोडलं नाही. बाशानच्या हिरव्यागार पठारावरच्या धष्टपुष्ट गाई त्या काळात प्रसिद्ध होत्या. राजधानीतल्या श्रीमंत स्त्रियांना त्याने त्यांचीच उपमा दिली, कारण त्या गरिबांना रगडत होत्या आणि वर नवऱ्यांना प्यायला आणा म्हणून हुकूम सोडत होत्या. जनावरांत आयुष्य काढलेल्या माणसाला ही उपमा फारशी वावगी वाटली नसेल, पण ज्यांना दिली त्यांचं काय मत पडलं ते पुस्तकात नाही. व्यापाऱ्यांवर तर त्याचा विशेष रोष. सणाचा दिवस कधी एकदा मावळतो आणि दुकान कधी उघडतो असं त्यांना व्हायचं. मापात पाप, तराजूत खोट, आणि गव्हाबरोबर खळ्यावरचा केरही विकायचा. कर्जापोटी गहाण ठेवलेलं गरिबाचं पांघरूण सूर्यास्ताआधी परत करावं, कारण थंडीत त्याला दुसरं काही नसतं, असा त्यांच्या धर्मशास्त्राचा दंडक होता. ही मंडळी तीच पांघरुणं वेदीजवळ अंथरून त्यांवर देवाच्या नावाने पसरायची. भक्ती आणि उबदारपणा यांची एवढी बेमालूम सांगड क्वचितच बसते.

शेवटी बेथेलच्या देवळातला अमस्या नावाचा याजक पुढे आला. त्याने राजाकडे तक्रार पाठवली आणि आमोसला सुनावलं, की तुझ्या देशात जा, तिथे तुझं भविष्य सांग, तिथेच तुझी भाकर खा. हे राजाचं देऊळ आहे. अमस्याविषयी मला राग येत नाही. देवळाचं वेळापत्रक सांभाळणारा तो एक नोकर होता, आणि झाडावरून उतरलेली माणसं वेळापत्रकात बसत नाहीत. आमोसचं उत्तर मात्र मला फार आवडतं. आपण संदेष्टा नाही, संदेष्ट्यांच्या घराण्यातलेही नाही, मेंढरं राखणारा आणि उंबरं टोचणारा आहोत, असं तो म्हणाला. पोटापाण्याचा धंदा वेगळा असला की खरं बोलणं सोपं जातं, हे त्याला नीट कळलं होतं.

पण ज्यांचा धंदाच प्रवचनाचा, तेही कधीकधी खरं बोलून जातात आणि गोत्यात येतात. योहान क्रिसोस्तोम हा चौथ्या शतकातला अंत्युखियाचा धर्मोपदेशक. त्याने एका गरिबाच्या गोष्टीवर प्रवचनांची मालिकाच केली होती, तिच्याकडे येतोच. पुढे कॉन्स्टँटिनोपलचा सर्वोच्च धर्मगुरू झाल्यावरही त्याची जीभ काही मऊ झाली नाही. श्रीमंत घरांत चांदीची शौचपात्रं वापरतात, या गोष्टीने तो फार अस्वस्थ व्हायचा. देवाच्या प्रतिमेत घडवलेला माणूस बाहेर थंडीने कुडकुडतो आहे, आणि तुम्ही चांदी वापरता ती यासाठी, असा त्याचा सवाल होता. चांदीचं ताट समजू शकतं, पाहुण्याला दाखवता येतं. या भांड्याची चांदी दाखवायची कोणाला? ऐषाराम एका मर्यादेपलीकडे गेला की त्याला प्रेक्षकही लागत नाही, तो एकटाच चालू राहतो. क्रिसोस्तोमला सम्राज्ञी आणि दरबार यांनी मिळून हद्दपार केलं, आणि 407मध्ये तो त्या वनवासातच, एका हद्दपारीच्या ठिकाणाहून आणखी दूरच्या ठिकाणी नेला जात असताना वारला. आपापल्या गावी जा म्हणण्याची परंपरा अशी अखंड आहे.

ती गरिबाची गोष्ट येशूने सांगितलेली, लूकच्या शुभवर्तमानातली. नगरला आमच्या शेजारी एक मावशी राहायच्या, मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. आळीतल्या पोरांना त्या रविवारी संध्याकाळी गोष्टी सांगायच्या, त्यात ही मी पहिल्यांदा ऐकली. एक श्रीमंत माणूस होता. जांभळी आणि तलम वस्त्रं नेसायचा, रोज मेजवानी करायचा. त्याच्या दाराशी लाजर नावाचा भिकारी पडलेला असायचा, अंगभर फोड, मेजावरून पडेल त्या तुकड्यांची आस. कुत्री येऊन त्याचे फोड चाटायची. दोघंही मेले. लाजर अब्राहामाच्या कुशीत गेला, श्रीमंत माणूस ज्वाळांत. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. मला श्रीमंत माणसाचं काही वाटलं नाही आणि खरं सांगायचं तर लाजराचंही फारसं नाही. मी विचारलं, कुत्र्यांचं पुढं काय झालं? मावशी जरा थांबल्या. दवाखान्यात उभी हयात काढलेल्या बाई त्या. म्हणाल्या, "त्यांच्याकडं औषध नव्हतं, पट्टी नव्हती. जीभ होती, ती त्यांनी लावली." आणि लगेच, "पण तू गुडघा फुटला की मोत्याला चाटू देतोस, ते बंद कर."

पुढे मोठेपणी ती गोष्ट पुष्कळदा वाचली. जांभळा रंग त्या काळी समुद्रातल्या गोगलगायींपासून काढत. पॉल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने 1909मध्ये तो रंग काढून पाहिला, तेव्हा 12,000 गोगलगायींतून त्याला 1.4 ग्रॅम रंग मिळाला. एका माणसाच्या अंगावरच्या वस्त्रासाठी समुद्रतळाच्या केवढ्या वस्त्या उठल्या असतील! पण खरी गंमत गोष्टीच्या उत्तरार्धात आहे. श्रीमंत माणूस ज्वाळांत उभा आहे आणि अब्राहामाला हाक मारून सांगतो, लाजराला पाठव, बोट पाण्यात बुडवून माझी जीभ थंड करायला सांग. ते जमत नाही म्हटल्यावर पुन्हा सांगतो, मग लाजराला माझ्या बापाच्या घरी पाठव, पाच भाऊ आहेत, त्यांना सावध करू दे. नरकात पडला तरी याची हुकूम सोडायची सवय गेलेली नाही. लाजर स्वर्गात पोहोचला, तरी याच्या लेखी तो कामाला पाठवायचा गडीच. आणि सगळ्यांत अवघड गोष्ट ही, की त्याला लाजराचं नाव माहीत आहे! म्हणजे इतकी वर्षं दाराशी पडलेला माणूस त्याला दिसत होता, नावानिशी. त्याने लाजराला लाथ मारली नाही, हुसकावलं नाही, शिवी दिल्याचंही कुठे लिहिलेलं नाही. तो फक्त रोज त्याच्या बाजूने जात-येत राहिला. अब्राहाम सोडला तर येशूच्या दाखल्यांतल्या पात्रांमध्ये नाव आहे ते या एका भिकाऱ्यालाच. श्रीमंत माणूस बिननावाचाच राहिला, आमच्या पिंजाऱ्यासारखा.

हे सगळं मराठीत आणणाऱ्यांमध्ये एक बाई होत्या, ज्यांना लाजराची जागा आतून माहीत होती. पंडिता रमाबाई. 1870च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील उपासमारीने गेले. पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरणारं ते कुटुंब. संस्कृत मुखोद्गत असलेल्या त्या मुलीने भूक पुस्तकात वाचली नव्हती. पुढे 1896-97चा दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो निराधार मुली आणल्या, आणि केडगावचं मुक्तीसदन भरलं. त्याच केडगावात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत उतरवलं, साध्या बायाबापड्यांना कळावं अशा भाषेत. 1922मध्ये त्या वारल्या आणि 1924मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. मला राहून राहून वाटतं, हस्तिदंती पलंगांच्या त्या यादीशी येऊन त्यांची लेखणी थांबली असेल का? एका बाजूला मेजावर आमोस, दुसऱ्या बाजूला अंगणात जेवणाच्या पंगतीत बसलेल्या, हाडं दिसणाऱ्या मुली. भाषांतर करणाऱ्याला शब्द अडला की कोशात बघावं लागतं. इथे खिडकीतून बाहेर बघितलं तरी पुरे होतं.

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की वाटेत केडगाव लागतं. बहुतेक डब्यांत लोक त्या वेळी डबा उघडून जेवत असतात, आणि त्यात काही गैर नाही. भुकेल्या माणसाने जेवावं. आमोसही त्याच्या उंबरांतलं एखादं पिकलेलं फळ तोंडात टाकत असेलच, त्याशिवाय पिकलं आहे हे त्याला कळणार कसं? संदेष्टे सुखाचे वैरी होते असं मला वाटत नाही. उलट त्यांच्या स्वप्नात प्रत्येकजण आपापल्या द्राक्षवेलीखाली आणि अंजिराखाली बसलेला आहे, कोणाचं भय नाही. ते सगळं इतकं निवांत आहे की पलंगवाल्यांनाही हेवा वाटावा. फरक एवढाच की त्या चित्रात दाराबाहेर कोणी पडलेलं नाही.

त्या पाच भावांचं पुढं काय झालं, ते गोष्टीत नाही. अब्राहामाने सांगितलं की त्यांच्याकडे मोशे आणि संदेष्टे आहेत, त्यांचं ऐकू दे. म्हणजे आमोसचं पुस्तक त्यांच्या घरात होतं. ते ऐकत नसतील तर मेलेला माणूस उठून गेला तरी ऐकायचे नाहीत. हा निकाल कठोर आहे, पण खोटा नाही. पुस्तकं आपल्याकडेही पुष्कळ आहेत. ती वाचताना आपण बरे आहोत असं वाटू लागलं तर सावध व्हावं, कारण पलंगावर पडून वाचलेलं सगळंच मऊ लागतं. तेव्हा निजायचं तर खुशाल निजा, गादीही नीट पिंजून घ्या. फक्त पिंजाऱ्याला त्याचं नाव विचारा, आणि नाव कळलं की त्याला पाणी आणायला पाठवू नका. तुम्ही उठा आणि त्याला आणून द्या.